जिन्यातली खाट

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, बाबांचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर माझ्या तोंडून नुसतं ‘हूं हूं’ निघतं, म्हणून लिहितोय. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, भाड्याची का होईना स्वतःची खोली झाली, सगळं झ्याक. पण तू जमिनीवर झोपतेस हे तुझ्या आईनं गोड बोलून तुझ्याकडून काढून घेतलं. सुताराची पोर फरशीवर! लोकांचं सोड, माझा रंधा काय म्हणेल?

तर खाट केली आहे. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. लाकडात लाकूड बसवून सरस भरलाय, हत्ती बसला तरी कुरकुरणार नाही. उद्या टेम्पोनं निघेल. एकट्या माणसापुरतीच केली आहे, कारण वर्षभरात तुझी हौस फिटेल आणि तू घरी येशील, असा माझा अंदाज आहे. आई म्हणते, अंदाज आपल्यापाशी ठेवा. मी लिहिलाच.

लोभ ठेव आणि पाय पसरून झोप.
तुझा बाबा

ता. १० फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

खाट सुंदर आहे. इमारतीतले सगळेच तसं म्हणतात, कारण ती सगळ्यांना रोज दिसते. बाबा, तुम्ही खोलीची मापं मागितलीत, मी इंच न् इंच कळवली. जिन्याची तुम्ही विचारली नाहीत, मी सांगितली नाहीत. वळणावर खाट अशी अडकली आहे की ना वर, ना खाली. टेम्पोवाले ‘आलोच’ म्हणून गेले, ते गेलेच.

वरच्या मजल्यावर एक पाववाला राहतो, बेकरीत भट्टी सांभाळतो. बिचारा कामाला जाताना खाटेखालून रांगत गेला. परत आल्यावर म्हणाला, दोन पाय कापा, सुटेल. कापू का? लवकर कळवा. घरमालकीणबाई माझ्याकडे अशा बघतात की चष्म्याच्या काचा तडकाव्यात.

आईला नमस्कार. माया असू द्या, निदान खाट निघेपर्यंत.
तुमची भिंगरी

ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, आशीर्वाद, पण थोडे रागातले.

करवतीला हात लावशील तर याद राख! त्या पाववाल्याला सांग, लाकूड म्हणजे पाव नव्हे, मोडला आणि चहात बुडवला. खाट उभी करा, डोक्याकडची बाजू वर घ्या आणि कठड्यावरून फिरवा. दोन माणसं पुरेत. त्यालाच हाताशी घे, पीठ मळून मळून हात तरी दणकट असतील.

तुझी आई शेजारी बसून विचारते आहे, त्याचं वय काय, घरी कोण कोण, बोलायला कसा आहे. याचा खाटेशी काय संबंध ते मला कळलं नाही. तिनं विचारलं, मी लिहिलं.

लोभ आहेच, खाट शाबूत राहिली तर वाढेल.
तुझा बाबा

ता. ९ जून

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर मी ‘खाट बरी आहे’ एवढंच सांगत आले. खरं आज लिहिते. तुम्ही सांगितलंत तशी आम्ही ती फिरवली. ती वळणावरच्या मोकळ्या जागेत चारही पायांवर थाटात बसली, भिंत आणि कठडा यांच्यात घट्ट. वर जायचं तर खाटेवर बसायचं, पाय पलीकडे टाकायचे आणि उतरायचं. घरमालकीणबाईंनी आधी घर डोक्यावर घेतलं. आता गुडघे दुखले की तिथंच टेकतात आणि हलवायचं नाव काढू देत नाहीत.

मी दुकानातून येते आणि पाववाला खाली निघतो, ती वेळ एकच. दोघं खाटेवर बसलो की ‘तुम्ही आधी’, ‘छे, तुम्ही आधी’ असं चालायचं. मग कुणीच उठेना.

बाबा, आम्ही एकत्र राहायचं ठरवलं आहे. वर्षभर राहू, पटलं तर लग्न करू. मी परत येईन या आशेवर तुम्ही आहात, म्हणून बोलायचा धीर होत नव्हता. तुम्ही रागावलात तर मी सोसेन. गप्प बसलात तर मात्र सोसवणार नाही.

तुमच्या पत्राची वाट बघणारी,
भिंगरी

ता. १७ जून

चि. भिंगरी आणि चि. पाववाले यांस आशीर्वाद. दोघांत वाटून घ्यावेत.

पत्र वाचून मी ताटावरून उठलो. तुझ्या आईला म्हटलं, आधी राहायचं आणि मग लग्न, हे कुठलं उलटं काम? तिनं विचारलं, नव्या फळ्या आणल्या की तुम्ही काय करता? म्हटलं, ज्या घरात बसवायच्या त्याच घरात आधी पडू देतो. तिथली हवा लागली की काय वाकायचं ते वाकून घेतात, मग जोडतो. नाहीतर पुढे सांधे उघडतात. ती म्हणाली, मग? एवढंच, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. मी माझ्या सुतारकामाच्या दुकानात जाऊन उगाच एका बऱ्या फळीवर रंधा मारला आणि येऊन मुकाट्यानं जेवलो.

तू परत येणार नाहीस, हे आता कळलं. अजून घशात अडकतंय, पण उतरेल.

पाववाले, तुम्ही पाय कापायला निघाला होतात, हे मी विसरलेलो नाही. भेटीत बोलू. शनिवारी आम्ही दोघं येतोय. या वेळी लाकूड सुटं आणतो, खोलीतच जोडतो. रुंदी तुम्ही ठरवा. आई म्हणते, रुसलेल्याला पाठ फिरवून झोपता येईल एवढी असू द्या. आमच्या सोयीची काळजी नको. आई खोलीत झोपेल, मी जिन्यात. ती खाट एका माणसाची आहे, मला पुरते. फक्त भट्टीवर जाताना पाववाल्यांनी माझ्या अंगावरून जरा जपून जावं.

लोभ आहे, तो दोघांनी मिळून सांभाळावा.
तुमचा बाबा