सातवा ओरखडा

३ मार्च

चि. भिंगरीस, आणि घरच्यांनी ‘जरा नीटनेटकं काढ’ म्हणून छळलेल्या तमाम चित्रकारांस आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला आणि मी गरम झाले! माणूस रडलं की घरचे रुमाल देतात, चिडलं की पाण्याचा पेला देतात. रंग कुणी देत नाही. तो तू स्वतःच घेतलास. बापाने पाहुण्यांसमोर सांगितलं, की पोरीचा वेळ जात नाही म्हणून रंगवते. तू भांडली नाहीस. फळीवर पिवळा चढवलास आणि त्याच्याच पटाशीने सात ओरखडे ओढलेस. राग असाच दिसला पाहिजे! आणि माझा भाऊ, फर्निचरला पॉलिश करण्यात हयात घालवलेला, ओरखडा दिसला की हात शिवशिवणारा! तू बाहेर गेलीस तेवढ्यात त्याने लाकडातल्या खाचा बुजवायची ती लांबी भरून वर पिवळा रंग आणि पॉलिश मारलं?

पुढच्या शनिवारचं प्रदर्शन तोंडावर आलंय. ती लांबी खरवडून काढ. बापाशी अबोला धर. लोभ असावा, धाक नसला तरी चालेल.

— आत्या

७ मार्च

ती. आत्यास सा. न.

अबोला दीड दिवस टिकला. मिठाचा डबा कुठे असतो ते बाबांनाच ठाऊक. खरवडायला बसले तेव्हा रागाबाहेर येऊन पहिल्यांदा नीट पाहिलं, तर सहाच ओरखडे बुजलेले. सातवा, सगळ्यांत खोल, तसाच. लांबी संपली वाटतं, असं मी खवचटपणे विचारलं. बाबा म्हणाले, डबा भरलेला आहे. एकेक भरताना बोटाला कळत होतं, की प्रत्येक आधीच्याहून खोल जातोय. सातव्याशी हात थांबला. कळलं, हे चुकून झालेलं नाही, कुणीतरी दुखावलं जाऊन केलंय. मग त्यांनीच विचारलं, हा माझ्या कुठल्या शब्दाचा? मी सांगितलं, ‘वेळ जात नाही’चा. ते बराच वेळ ब्रश धूत राहिले, धुतलेलाच.

आत्या, माझं चित्र त्यांनी बोटाने वाचलं गं! आता म्हणतात, सगळी लांबी मीच काढतो. पण त्या सहा जागी पिवळा इतका जिवापाड जुळवलाय, की माझाच हात धजत नाही. काय करू? रागाव, पण लवकर लिही.

— भिंगरी

१० मार्च

चि. धाकट्या भावास ताईचे आशीर्वाद आणि एक धपाटा.

पोरीला दिलेला माझा सल्ला चुकला. हे लेखी देते आहे. जपून ठेव, पुन्हा मिळायचं नाही. लांबीला कुणीही हात लावायचा नाही, तिलाही सांग. तिचा राग फळीत उतरला, त्यात तुझी माया भरली गेली, आणि एक जखम उघडी राहिली. याहून खरं चित्र त्या प्रदर्शनात दुसरं नसेल.

पण बोटाला कळलेलं तोंडावाटे आलं का तुझ्या? चारचौघांत बोललास, आता चारचौघांतच बोल. शनिवारी टेम्पो बोलावू नकोस. फळी स्वतःच्या खांद्यावर घे, भर बाजारातून चालत प्रदर्शनापर्यंत ने, आणि वाटेत जो विचारील त्याला थांबून सांग, की माझी मुलगी चित्रकार आहे.

— ताई