वाईची शेवटची गाडी

महाड,
दि. ८ मे २०२५

ती. महिपतराव भावोजी यांस,
मंदाकिनीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे परवानगी देत नाहीत, म्हणून तो कागदावरच घ्यावा.)

रविवार, दिनांक ४ मे, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, कापडे मुक्कामी, तुमच्याच मालकीच्या भाताच्या खाचरात तुम्ही माझ्यावर जो अन्याय केलात, त्याबद्दल हे पत्र आहे. पण आधी रीतीप्रमाणे विचारते. तुमची साखर कशी आहे? जेवणावळीत तुम्ही जिलेबीचं ताट ज्या वेगाने आपल्याकडे ओढलंत, त्यावरून उत्तम असावी. अक्काचा खांदा बरा आहे ना? मुंबईला सुखरूप पोचलात हे तुमच्या शुभमने फोनवर सांगितलं. तुम्ही स्वतः फोन केला नाहीत, यावरून तुम्हाला आपला अपराध ठाऊक आहे असं मी धरून चालते.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या ग्रामस्थ मंडळाला पन्नास वर्षं झाली, त्याबद्दल अभिनंदन. पन्नाशीला भजन किंवा जाखडीचा नाच न ठेवता तुम्ही ‘द ब्रास लँटर्न्स’ हा मुंबईचा जुना रॉक बँड आणलात (का, तर त्यांचा ड्रमवाला गोदीत तुमच्या शेजारच्या टेबलाला होता), त्याबद्दलही माझी तक्रार नाही. उलट तुम्ही फोनवर ‘मेहुणीबाय, तुझे ते लँटर्नवाले येतायत’ म्हणालात, तेव्हा माझ्या हातातला चहा बशीत गेला. कारण तुम्हाला सांगते. बाबा पाचगणीला हिशेबनीस असल्यामुळे मी तिथल्या कॉन्व्हेंटात शिकले. (अक्काही शिकली असती, पण तिला तिथली थंडी आणि पावरोटी दोन्ही सोसल्या नाहीत.) मी अकरावीत असताना हाच बँड आमच्या शाळेत आला होता. नेव्हिल नावाचा गायक होता, कल्ले अर्ध्या गालापर्यंत, आवाज असा की पहिल्या रांगेतल्या नन्ससुद्धा माळ ओढायच्या थांबल्या. त्यांचं एक गाणं होतं, ‘द लास्ट बस टू वाई’. एक मुलगी घर सोडून स्टँडवर उभी आहे, शेवटच्या गाडीची वाट बघतेय, धुकं पडलंय. ती गाडी येते का, आणि आली तर ही चढते का, हे शेवटच्या कडव्यात आहे. रेडिओवर दोन कडवी वाजवून बातम्या लावायचे. म्हणून मी चिठ्ठी लिहून सिस्टर फिलोमिनांच्या हाती स्टेजवर पाठवली, की हे गाणं पूर्ण म्हणा. सिस्टरनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवली. ती मुलगी तेव्हापासून स्टँडवर उभी आहे, भावोजी. शुभमने मोबाईलवर शोधून दिलं, तिथेही दोनच कडवी!

तर मी कापड्याला आले ती त्या शेवटच्या कडव्यासाठी आणि नेव्हिलसाठी. बांबू वाकवून कमान उभारली होती, तिच्यावर तुमचा फ्लेक्स. त्यावर नेव्हिलचा कल्ल्यांसकट जुना फोटो होता आणि शेजारी तुमचा, त्याच्या तिप्पट. मग सत्कार सुरू झाले. सरपंच, माजी सरपंच, त्यांच्याही आधीचे सरपंच, खाचर दिलं म्हणून तुमचा, तुम्हाला साथ दिली म्हणून अक्काचा आणि तिची बहीण म्हणून माझा. मे महिन्यात, घाम हनुवटीवरून टपकत असताना, लोकरीची शाल! मी ती मांडीवर घेऊन बसले. माझी खुर्ची बांधावर अशी कलती होती की मला सगळा सोहळा उतरणीवरून दिसत होता.

आणि मग स्टेजवर कोण आलं? नेव्हिल नव्हे. पस्तिशीची एक बाई, अंगात काळं चामड्याचं जाकीट, केस कापलेले. तुम्ही माइकवर अगदी सहज म्हणालात की मूळ गायक मुलीकडे परदेशी असतात, गुडघे बदललेत, तरी त्यांच्या जागी कुमारी सारिका. बदली कंडक्टर यावा तशी! हे तुम्हाला आधी ठाऊक होतं. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये तेहतीस वर्षं काढली आहेत, नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखते. मला तुम्ही नेव्हिल म्हणून दुसरा आवाज खपवणार होतात? मी उठून चालायलाच लागले होते, पण बांधावरून उतरायला कोणी हात देईना, म्हणून बसले.

माझ्या शेजारी तुमच्या गावचे म्हातारे कुशाबा होते. त्यांना वाटलं भजनच आहे, फक्त वाद्यं निराळी. त्यांनी मला विचारलं, ‘गो बाय, ह्यांच्यात बुवा कोण?’ मी कपाळाला आठी घालून म्हटलं, ‘ती. जाकीटवाली.’ त्यावर ते समाधानाने म्हणाले, ‘बाय बुवा हाय तर! मंग ऐकू.’ आणि ऐकत बसले. दोन गाण्यांनंतर (मी कानात कापूस घालून आले होते, तो कधी काढला मला आठवत नाही) मी चिठ्ठी लिहिली. या वेळी ती स्वतः नेऊन स्टेजच्या फळीवर ठेवली. सिस्टर नाहीत, पण मंडळाच्या कार्यकर्त्यांवर माझा तेवढाच विश्वास आहे.

तिने चिठ्ठी वाचली. मोठ्याने. ‘महाडच्या मंदाकिनीताईंची फर्माईश आहे,’ म्हणाली, ‘आणि ताई, मी पण इकडचीच. माझं आजोळ तुडील.’ झालं. खाचरात एकदम कुजबुज झाली. रॉक बँड राहिला बाजूला, आपल्याकडची पोर आली! त्याच वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं की हे कुठे जाणार आहे. पण तिने गायला सुरुवात केली होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

कुशाबांनी विचारलं, ‘काय सांगतेय ती?’ मी सांगितलं, एक मुलगी स्टँडवर उभी आहे, वाईची शेवटची गाडी यायची आहे. त्यांनी ते पुढच्या रांगेला सांगितलं, पुढच्या रांगेने त्याच्या पुढच्या. दुसऱ्या कडव्याला धुकं पडलं तेव्हा सगळं खाचर माना उंच करून बघत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, ‘महाबळेश्वरला चाय प्यायला थांबली असंल गाडी.’ एक म्हातारी म्हणाली, ‘एवढ्या काळोखात पोर एकटी, घरची माणसं करतात काय?’ ‘घर सोडूनच आलीय गो ती!’ ‘मंग बरं झालं.’ पाचगणीच्या हॉलमध्ये त्या गाण्याला इतकं कोणी ऐकलं नसेल, हे मला कबूल करावं लागतं. (फक्त श्रोत्यांबद्दल म्हणतेय. गायिकेबद्दल नाही.)

दुसरं कडवं संपलं. गिटारवाल्याने हळू चार सूर धरले, आता शेवटचं. आणि स्टेजच्या पायऱ्यांवर तुमची चुलती बयाबाई! हातात सूप. सुपात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. तुडील तिच्या वहिनीचं माहेर, तेव्हा तिकडची लेक आपल्या गावात येऊन रिकाम्या ओटीने जाते कशी? तिच्यामागे आणखी चौघी. सारिकेने भांबावून वाकून नमस्कार केला, कुंकू लावून घेतलं, पण ओटी घ्यायची कशात? जाकिटाला पदर कुठला? बयाबाई म्हणते, ‘अगो, काहीतरी पसर!’ ड्रमवाला ठोके सोडीना, गिटारवाला तेच चार सूर गोल गोल फिरवतोय, आणि एक नारळ निसटून ड्रमवर गेला तो बरोब्बर तालात. शेवटी मीच चढले. तुमची ती सत्काराची शाल तिच्या कमरेला बांधली, पुढे पदरासारखी धरून दिली, आणि कानात म्हटलं, ‘पटापट घे आणि शेवटचं कडवं म्हण.’ ती हसून म्हणाली, ‘म्हणते ताई.’

ती खरंच माइकपाशी वळली होती, भावोजी. मी पाहिलंय. ओटी पोटाशी धरून तिने श्वास घेतला होता. आणि सात वाजून वीस मिनिटांनी तुम्ही तो माइक उचललात. ‘या भावपूर्ण क्षणी’ म्हणालात आणि आभारप्रदर्शन सुरू केलंत. मांडववाल्यापासून पाण्याच्या टँकरवाल्यापर्यंत कोणी सुटलं नाही. संपताना म्हणालात, पानं वाढलीत. बँडच्या लोकांना वाढलेल्या पानावर बसवलं, आणि मुंबईची गाडी उभीच होती, ती त्यांना घेऊन गेली. कुशाबा पंगतीत शेजारी बसून भात कालवत म्हणाले, ‘गो बाय, पोर गाडीत चढली का नाय?’ मी घास खाली ठेवून गाडी गेली तिकडे बघितलं. अक्का पलीकडून म्हणाली, ‘चढली काय, नाही काय, तुला या वयात काय करायचंय?’ अक्काला सांगा, मला या वयातच करायचंय.

काल कापड्याहून बयाबाईचा फोन होता. ती आधी अडखळली, मग म्हणाली, ‘ती गाडीवाली पोर, तिचं काय झालं ते कळलं तर कळव गो.’ म्हणजे ओटी घेऊन जी मधे आली तिलाही झोप नाही. तेव्हा तुम्ही सारिकेला गाठून शेवटच्या कडव्यात काय होतं ते मला लेखी कळवावं. शनिवार, ३१ मे, संध्याकाळी पाचच्या आत पत्र महाडला पोचलं पाहिजे. फोन चालणार नाही. फोनवर तुम्ही आभार मानायला लागता.

तुमची मेहुणी,
मंदाकिनी

ता. क. अक्काला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. शाल परत मागू नका. मंडळांनी दिलेल्या तशा माझ्या कपाटात नऊ आहेत. ती सारिकेकडे राहू दे.

ता. क. २. पत्र पाकिटात घातल्यावर परत काढलं. कडवं लिहून पाठवू नका. ते वाचण्यात काय अर्थ आहे? गाणं पुन्हा कधी ठेवता तेवढं कळवा. गणपतीनंतर, दसऱ्याच्या आत ठेवा. खाचरात तेव्हा भात उभा असेल, तर पोलादपूरला एखादं सभागृह घ्या. बयाबाईची ओटी गाण्याच्या आधी. तुमचं भाषण जेवणानंतर, सगळे घरी गेल्यावर.

ता. क. ३. नेव्हिल परदेशातून यायला तयार असेल तर जरूर बोलवा, फ्लेक्सवर फोटोही घाला. त्याला माझ्या रांगेत, कुशाबांच्या पलीकडे बसवा. पण माइक त्याच्या हाती देऊ नका. गाणं सारिकाच म्हणेल. हे लेखी कळवा, ३१ मे, पाचच्या आत.