टपावरची थाप

शनिवार, श्रावण वद्य दशमी. रोहा.

जुनी पिकअप द्यायची की ठेवायची, महिनाभर हाच घोळ. चालवायला नवी चांगली, हे आज मान्य केलं. स्टिअरिंग बोटांनी फिरतं. जुनीला दोन्ही खांदे लागतात. हमरापूरहून आळीतले गणपती आणताना काचा बंद ठेवल्या, एसी लावला. खड्डेही लांबचे वाटले.

तीच चूक. आमच्या शाळेचा शिपाई नामदेव दरवर्षी मागे मूर्ती धरून बसतो. आमची वीस वर्षांची रीत आहे: टपावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. जुन्या गाडीत थाप थेट डोक्यात वाजायची. आज एकही ऐकली नाही.

कासूला चहासाठी थांबलो. मागे दोर सुटलेला, मोठी मूर्ती मागच्या फाळक्यावर कललेली आणि नामदेव तिला मिठी मारून बसलेला.

"सर, वडखळपासून टप बडवतोय. आत झोपला व्हता काय?"

"लागलं का कुठे?"

"मला इचारताय का गणपतीला?"

दोघांना, म्हटलं. सोंड, बोटं, मोदक तपासले. टवकासुद्धा उडाला नव्हता. नामदेवचा तळवा मात्र लाल झाला होता. मला ओशाळल्यासारखं झालं. चहा त्याला आधी दिला.

पुढे काचा खाली, एसी बंद. नागोठण्याजवळ एक थाप आली. रस्ता तर बरा होता. तरी वेग कमी केला.

"काय नाय सर," मागून ओरडला, "ऐकू येतंय का बघत व्हतो!"

उद्या जुनी न्यायला माणूस येईल. देऊन टाकीन. काचा खाली असल्या की थाप नवीतही ऐकू येते.