दहा गुंठ्यांची अन्नसुरक्षा

१० ऑक्टोबर २०२२, सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं. देशाच्या अन्नसुरक्षेचं काम आपल्या हातून होतंय, तर त्याची नोंद हवी. मला कृषी खात्याच्या भागीदारी कक्षात टाकलं त्याला तीन वर्षं झाली. कक्ष म्हणजे मी आणि एक कपाट. पण आता प्रकल्प आला आहे.
हडपसरच्या पुढे, नुकत्याच महापालिकेत आलेल्या गावात, सोनबांच्या दहा गुंठ्यांत आज ज्वारीची पेरणी. बी कंपनीचं, देखरेख सरकारची, जमीन आणि राबणं सोनबांचं. पीक आलं की अर्धी ज्वारी गावातल्या बावीस शेतकऱ्यांना बियाणं म्हणून, अर्धी सोनबांच्या घरी वर्षाच्या भाकरीला. पुढच्या वर्षी बावीस गावं. त्याच्या पुढच्या वर्षी जिल्हा. मग सरळ देशच येतो.
सोनबांना पब्लिक आणि प्रायव्हेट समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यात मी कंचा?" म्हटलं, तुम्ही पार्टनरशिप.

१९ ऑक्टोबर
रोज लिहिणं व्यवहार्य नाही. महत्त्वाचं तेवढंच लिहायचं.
सोनबांच्या बायकोकडे, सरुबाईंकडे, सासूच्या वेळचं ज्वारीचं बी आहे. गाडग्यात राख घालून ठेवतात. ते बांधाच्या पलीकडच्या पट्ट्यात पेरणार होत्या. मी मनाई केली. शेजारी दुसरं वाण असलं की भेसळ होते. मग या बियाचं काय करू, म्हणाल्या. म्हटलं, दळून खा. आता तुमच्याकडे सुधारित बी येणारच आहे. त्यांनी गाडग्याचं तोंड फडक्याने पुन्हा बांधलं. मासिक अहवालात लिहिलं : जनजागृती, महिला १.

२ नोव्हेंबर
उगवण उत्तम. पोटाचा घेर कमी करायचा. सकाळी चालायला जायचं.

३ नोव्हेंबर
पायात लचक. चालायला जाण्याआधीच भरली.

२१ डिसेंबर
कणसं बाहेर पडली. पाखरांचा धोका. सरुबाई उजाडायच्या आत माळ्यावर चढून गोफण फिरवतात. आवाजही खणखणीत. ही पद्धत जुनाट आहे. चकाकणाऱ्या फिती मागवायचा प्रस्ताव पाठवला. तीन सह्या लागतील.
बायको, शकू, म्हणाली, हल्ली तुम्ही घरात असून नसल्यासारखे असता. कसं वाटतंय, असंही विचारलं. व्यवस्थित, म्हटलं. खरं तर बऱ्याच दिवसांत काही वाटलेलं नाही. कामाचा व्याप.

८ जानेवारी २०२३, रविवार
कंपनीच्या जयसिंगांचा फोन. त्यांचे मोठे साहेब सहकुटुंब पुण्यात आहेत, ज्वारी हुरड्यात आली आहे, प्लॉट दाखवू या. दाखवला. गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं भाजून तळहातावर चोळली, सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. कोवळे दाणे साखरेसारखे गोड.
सोनबांनी मला बाजूला घेतलं. "सायेब, ही कणसं खायला न्हाईत, बियाला हायेत." म्हटलं, हे गुणवत्ता परीक्षण आहे. मोठ्या साहेबांनी अभिप्राय वहीत 'उत्कृष्ट' लिहिलं. साठ-सत्तर कणसं गेली. दहा गुंठ्यांत नगण्य.

११ जानेवारी
कंपनी आली आणि खातं नाही, हे बरं दिसत नाही. आमच्या कार्यालयातले चौतीस जण नेले. अभिप्राय : उत्कृष्ट. कॅशियरनी घरच्यांसाठी पिशवीत थोडी नेली. थोडी म्हणजे पिशवीभर.

१३ जानेवारी
बँकेचे लोक. पुढे तिसरा भागीदार लागेल, म्हणून त्यांना जवळ ठेवलं पाहिजे.

१५ जानेवारी
प्रशिक्षण संस्थेच्या दोन बस. आता नियम केला आहे : माणशी दोन कणसं. तसा बोर्ड लावायचा.

१८ जानेवारी
बोर्ड आला. कंपनीचं चिन्ह, खात्याचं चिन्ह, प्रकल्पाचं नाव, खाली माझं नाव. सोनबांच्या नावाला आणि दोन कणसांच्या नियमाला जागा उरली नाही. बोर्डासमोर फोटो छान येतात, त्यामुळे भेटी वाढल्या.

२० जानेवारी
शकूच्या भिशीच्या बायका. घरच्यांना नाही म्हणता येत नाही. शकू तिथे हसली. घरी येताना गाडीत म्हणाली, त्या बाई माळ्यावरून खाली उतरल्याच नाहीत. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

२४ जानेवारी
पश्चिमेकडचा भाग विरळ दिसतो. अहवालात 'पक्ष्यांचा प्रादुर्भाव' असं लिहिलं. सरुबाईंनाही तसंच म्हटलं, जरा लक्ष ठेवा. त्या म्हणाल्या, "पाखरं उजाडायला येत्यात सायेब. तुमी अकराला येता."
मनाला लावून घेतलं नाही. लावून घ्यायचा प्रयत्न केला, पण लागलं नाही.

२९ जानेवारी
आता भेटी पूर्ण बंद. हा ठाम निर्णय.

२९ जानेवारी, दुपारी
मंत्रालयातून दोन गाड्या येत आहेत असा निरोप. त्यांच्यानंतर बंद.

६ फेब्रुवारी
अभिप्राय वही भरली. दुसरी काढली. ठाम निर्णय लागू आहे, फक्त आधी ठरलेल्या भेटी होतील. आधी ठरलेल्या नऊ आहेत.

२२ फेब्रुवारी
काढणी. सोनबांनी भावकीतले चौघे बोलावले होते. तासाभरात काम संपलं. मळणी करून, पाखडून एक घमेलं ज्वारी निघाली. तीही काठोकाठ नाही, बरेच दाणे पोचट. बावीस शेतकरी पोती घेऊन आले होते. पोत्यांच्या घड्या काखेत मारून एकेक जण गेला. सोनबा घमेल्याशेजारी उकिडवे बसून राहिले.
जयसिंगांना फोन केला. ते म्हणाले, कंपनीच्या दृष्टीने चवीला मिळालेला प्रतिसाद महत्त्वाचा, पुढच्या वर्षी दुसरं गाव बघू. मी म्हटलं, सोनबांच्या भाकरीचं काय? ते म्हणाले, तो विषय खात्याचा. करारात बघितलं. करारात पीक आलं तर काय, एवढंच आहे. पीक आलंही होतं.
वाईट वाटायला हवं होतं. उद्या वाटेल.

२३ फेब्रुवारी
नाही वाटलं.

२७ फेब्रुवारी
पाखरांच्या फिती मंजूर होऊन आल्या. एक खोकं. कपाटात ठेवलं.

१ मार्च
अंतिम अहवाल पूर्ण केला. 'उत्पादन' रकाना अडला होता, तो 'सहभाग'च्या खाली घेतला. दोन्ही वह्या मोजून प्रत्यक्ष लाभार्थी एक हजार एकशे बावीस. आमचे साहेब म्हणाले, तीन वर्षांत कुठल्या कक्षाचा एवढा आकडा नाही.

४ मार्च, रात्री
प्रकल्प पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सोनबांची सही हवी होती. दुपारी गेलो. बोर्ड उभा आहे, मागे नुसती ढेकळं. सोनबा मार्केट यार्डात हमालीला जायला लागलेत, संध्याकाळी येतील. थांबतो म्हटलं.
सरुबाईंनी, जेवायची वेळ आहे, बसा म्हटलं. बसलो. माझ्या समोरच्या कोनाड्यात ते गाडगं पालथं घातलेलं होतं. विचारायला नको होतं, पण विचारलं : जुनं बी थोडं तरी राहिलंय का? "तुमीच सांगितलं की दळून खा. दिवाळीतच सरलं." रागाने नाही, साधंच बोलल्या. मग म्हणाल्या, "भाकरी न्हाय आज. रेशनचा गहू हाय. चपाती चालंल का?"
चालेल, म्हटलं. वांग्याची भाजी होती. दोन खाल्ल्या. तिसरी वाढायला त्या वळल्या, तेव्हा टोपलीत दिसलं, ती शेवटचीच होती.
ताटावर हात आडवा धरला. नको, म्हटलं.
या हंगामात मी पहिल्यांदाच नको म्हणालो.