सोवळ्यातला पॉवर सप्लाय कोणाला द्यावा

मी, हेमलता वाळू विधाते, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त, राहणार मखमलाबाद नाका, नाशिक, माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. जीभही शाबूत आहे; खात्री हवी असल्यास भावजयीला विचारावे.

१. राहते घर भाऊ गेणू यास द्यावे. आमचे वडील कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये निशिगंध पोचवत, म्हणून नन्सनी मला शाळेत घेतले. गेणू मळ्यातच राहिला. तेव्हापासून तो मला "मॅडम" म्हणतो, तेही तोंड वाकडे करून. गेणू, घर घे आणि आता तरी ताई म्हण.

२. बँकेतील ठेव भाची पूजा हिच्या शिक्षणासाठी आहे. लग्नातल्या मंडपासाठी नाही.

३. सोल्डरिंगची हत्यारे आणि मीटर शेजारच्या वाल्मीकने न्यावेत. टीव्ही दुरुस्त करताना त्याने टाके जरा नीट घालावेत.

४. राहिला पॉवर सप्लाय. याविषयी सविस्तर लिहिते, कारण याच्यावरून खोटे बोलले जात आहे.

सातपूरला आमच्या कंपनीत अचूक घड्याळे तपासण्याची प्रयोगशाळा होती. शेजारी वेल्डिंग सुरू झाले की विजेत खरखर शिरे आणि मुख्य घड्याळाचा ठोका थरथरे. १९९३ साली मी त्यासाठी खरखर गाळून स्वच्छ वीज देणारा वेगळा सप्लाय आखला. सर्किट माझे. ट्रान्सफॉर्मर दिगंबर गर्गे याने हाताने गुंडाळला, दोन वेटोळ्यांमध्ये तांब्याचा पत्रा घालून. अर्थिंगच्या सगळ्या तारा आम्ही एकाच बिंदूवर आणल्या. त्या सॉकेटवर दुसरे काही लावायला मी मनाई केली, तर लोक ओरडत, "शिवू नका रे, विधातेबाईंचं सोवळं आहे!" मीही हसे. घड्याळ मात्र शांत झाले.

त्याच वर्षी दिगंबरने मला घरी चहाला बोलावले. आमची दोघांची वये त्रेपन्न, दोघे अविवाहित. चहा कशासाठी होता ते दोघांनाही ठाऊक होते. स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा आवाज आला, "तो कानतुटका कप दे तिला. माळ्याची ना ती?"

दिगंबर खाली बघत म्हणाला, "आई जुन्या वळणाची आहे. जाऊ दे ना, हेमा."

मी गेले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत आम्ही एकाच टेबलावर बसलो आणि फक्त व्होल्टेजबद्दल बोललो. विजेतली एवढीशी खरखर ज्याला सहन होत नसे, त्याला त्या दिवशी एक वाक्य बोलता आले नाही. याबद्दल मी त्याला माफ केलेले नाही. तो गेल्या वर्षी वारला. तरीही केलेले नाही. रोज मात्र आठवण येते.

कंपनीने सप्लाय भंगारात काढला तेव्हा मी तो विकत घेतला. आता दिगंबरचा पुतण्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राचार्यांना घेऊन आला. काकांचे स्मारक म्हणून सप्लाय तिथे ठेवायचा, वर पट्टी लावायची: "कै. दिगंबर गर्गे यांची निर्मिती." मला म्हणाला, "मावशी, तुम्ही काकांच्या हाताखाली होतात ना?"

हाताखाली! चहा न देता त्याला वाटेला लावले.

तरी सप्लाय कॉलेजलाच द्यावा. माझ्या घरात त्याची कोणाला गरज नाही. अट अशी: काचेच्या कपाटात न ठेवता मुलांनी तो वापरावा, आणि पट्टीवर दोघांची नावे एकाच ओळीत असावीत. आडनावे नकोत. फक्त "दिगंबर आणि हेमलता".

मसुदा वाचून वकीलसाहेब म्हणाले, "बाई, अशाने लोक नवरा-बायको समजतील."

समजू देत.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, एकही शब्द बदलायचा नाही असे ठरवले आणि खालील दोघांसमोर सही केली.

हेमलता वाळू विधाते

साक्षीदार:
१. शुभांगी रामदास काठे
२. डॉ. मंगेश निवृत्ती तिडके

नाशिक, १४ नोव्हेंबर २००७