डावी गाठ

८ जानेवारी, गुरुवार

जया आली. डाव्या हातात पिंजरा, उजवा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला. पायात चपला नाई, सोबत पिशवी नाई. पिंजऱ्यात चार पाखरं — दोन हिरवी, एक निळं, एक पिवळं. लव्हबर्ड म्हणतात त्यायले. असा कलकलाट का कान किटले!

"हात कोणी मोडला?"

"मोडला नाई माय. मुरगळला."

"अन् हे काय उचलून आणलं? अंगावरचं सोनं सोडलं अन् चिमण्या आणल्या?"

"त्याच्या आहेत," म्हणाली. बस.

त्याच्या म्हणजे सूरजच्या. आमचा जवाई. गिरड गावाले घर, ट्रक चालवते, पाखरं पाळते अन् बायकोले मारते. माही पोट्टी डावखुरी. डाव्या हातानं वाढलं का हाणते, डाव्या हातानं झाडलं का हाणते. या खेपेले डावा हात मोडाचा होता, दारूत उजवा धरला! एवढी अक्कल असलेला माणूस आम्ही बँड लावून आणला होता.

आमची भुरी खाटेखालून पिंजऱ्याकडे टक लावून बसली. मांजर मुकी, पण सगळं चेहऱ्यावर लिहिलेलं.

९ जानेवारी

सूरजचा फोन आला. कैलासच्या मोबाईलवर, सगळ्यायनं ऐकलं. माहा पोरगा कैलास, त्याची बायको उज्वला, मी, जया. म्हणते कसा — "बायको ठेवा काही दिवस, माही काई ना नाई. पण माही पाखरं मले जित्ती पाह्यजे. एक पाखरू मेलं का हिचं एक हाड मोडीन. सोपं आहे."

कैलास हसला! "जवाईबापू गमतीनं बोलतात माय."

मी म्हटलं, "ये इकडं. तुह्या गुडघ्यावर करून दाखवतो तशी गंमत."

उज्वला म्हणे, "आत्याबाई, घरातली गोष्ट घरात राहू द्या. पाखरं सांभाळा, तो येऊन घेऊन जाईन, अन् ताईलेबी नेईन. भांडण संपलं."

 जयाचा चेहरा असा, जसा गोठ्याचा दगड.

म्हणजे आता या वयात मांजरीच्या घरात चिमण्या राखणं आलं. चिमण्या कायच्या — हाडं!

१० जानेवारी

भुरीले काढता येत नाई. तिच्या जिवावर हरभऱ्याचं बी टिकते, नाईतर उंदीर पोत्यात संसार मांडतात.

मग पिंजरा जमिनीवर नको. टेबलावर नको, ती ढकलून पाडन. आढ्याच्या कडीले तारेनं टांगला, भिंतीपासून दूर. खालचं कपाट सरकवलं, नाईतर त्याच्यावरून उडी मारली असती. तारेले ग्रीस लावलं. माह्या लुगड्यालेबी लागलं.

भुरीले पहिले पोटभर भाकर-दूध. तरी नजर वर. भरल्या पोटानं मारणारे पण असतात. मले त्याच्यासाठी मांजर पाहाची गरज नाई, जवाई पाह्यला आहे.

१३ जानेवारी

गेलं. एक हिरवं गेलं.

रिंकूनं — कैलासच्या पोरीनं — दाणे टाकाले पिंजरा खाली घेतला अन् टीव्ही पाहाले बसली. भुरीनं दार उघडलं नाई, पिंजरा पाडला नाई. नुसता पंजा गजातून आत घातला. पाखरू घाबरून गजाले चिकटलं होतं. पाय धरला अन् ओढला. पाय बाहेर, पाखरू आत. रक्त केवढं! एवढ्याशा जीवात एवढं रक्त कुठून येते?

भुरीले झाडू फेकून मारला. पाय तोंडात घेऊन पळाली.

रिंकू रडली, उज्वला ओरडली. जयाले पाह्यलं — ती मेलेल्या पाखराकडे पाहत नव्हती. स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती.

एक हाड.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळ कोण खाते! सूरजले मोबाईलवर पाखरं पाहाची होती. कैलासनं पिंजऱ्यापुढं फोन धरला.

"चवथं कुठं आहे?"

मी मागून म्हटलं, "मडक्यात बसलं आहे. अंड्यावर असन." पिंजऱ्यात घरट्यासाठी दोन लहान मडकी बांधली आहेत, कामी आली.

"मामी, काढून दाखवा."

"अंड्यावरून उठवू? तू बाप होय का त्याचा?"

हसला मेला. "मी येतो तवा मोजून घेतो," म्हणाला. फोन ठेवला तवा कैलासनं पिंजऱ्यातली पाखरं पुन्हा मोजली. आता कुठं गेली गंमत?

१६ जानेवारी

पिंजऱ्याले चहूकडून कोंबड्याची बारीक जाळी लावली, गजापासून वीतभर दूर. आता पंजा पोचत नाई. दाराची कडी ढिली आहे, म्हणून दार सुतळीनं बांधतो — सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीले बांधतो तशी गाठ. दोन वेढे, पीळ, टोक खाली खोचाचं. या घरात सगळ्यायले येते. इथंच शिकलो, याच गाठीवर पोरं मोठी केली.

जयाचा हात बरा होऊन राह्यला. आंगणात बसून ती जुड्या बांधते, वर्धेच्या बाजाराले जातात त्या. तिची गाठ उलटी पडते, डावीकडून. पोट्टी होती तवा बाजारातला व्यापारी म्हणे, "कुंताबाई, ही जुडी आरशात पाहून बांधली काय वो?" लय हसाचो आम्ही.

आज हसलो नाई.

१९ जानेवारी, सोमवार

निळं मेलं. सकाळी पिंजऱ्याच्या तळाले पडलं होतं. मान मागं वळलेली. रक्त नाई, पीस नाई.

उज्वला म्हणे, "भुरीच. दुसरं कोण?"

 दोन पाखरं — दोन हाडं! डोक्यात तेच. भुरी चुलीजवळ झोपली होती. लाकूड उचललं अन् हाणलं. कमरेत बसलं. किंचाळली, माह्या हातावर तीन ओरखडे काढले, मी आणखी दोन हाणले. मागचा पाय ओढत होती तशीच पोत्यात कोंबली, तोंड बांधलं, डोक्यावर घेतली. धाम नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या काठाले सोडली. पोतं उघडलं तवा लगेच पळाली नाई. माह्याकडे पाहत बसली.

मी म्हटलं, "पाहतं काय? जा!"

हात सुजला. हळद भरली.

२० जानेवारी

उंदरायनं पोतं फाडलं. एवढ्यात कळलं त्यायले!

२२ जानेवारी

पिवळं मेलं.

तशीच मान. तसाच तळ.

मांजर नाई घरात! पूल ओलांडून सोडलेली आहे. मग मारलं कोणी, उंदरानं? उंदीर कुरतडते, मान पिळत नाई. कोंबड्या आयुष्यभर मारल्या मी, माणसानं पिळलेली मान मले कळाले पाह्यजे होती. निळ्याच्या वेळीच कळाली पाह्यजे होती. रागात मी पाखराकडे पाह्यलंच नाई, लाकूड पाह्यलं.

मग दार पाह्यलं. बांधलेलं. मांजर पाखरू मारून वर दार बांधत नाई! दोन वेढे, पीळ, टोक खाली खोचलेलं. हात सवयीनं चालला असन मारणाऱ्याचा.

गाठ डावीकडून.



२३ जानेवारी

उज्वला रिंकूले घेऊन माहेरी गेली होती, कैलास बाजारात. जयाले समोर बसवलं.

"तुले माहीत आहे, एक पाखरू म्हणजे एक हाड?"

"माहीत आहे."

"मग? डोकं फिरलं का तुहं? मी मांजरीची कंबर मोडली तुह्या पायी!"

 मग बोलली तं थांबेचना. लग्न होऊन गेली तवा पाखरं नव्हती. पहिल्या वर्षी ती ओरडली तवा शेजारची बाई दाराशी आली, "काय झालं वो?" म्हणून. दुसऱ्या दिवशी सूरजनं पाखरं आणली. खोलीत टांगली. तो पिंजऱ्यावर काठी मारे, पाखरं कलकल करत, अन् मग तो जयाले मारे. शेजारी विचारत, तं म्हणे, "पाखरं आहेत, लय भांडतात."

"मग कोणी आलं नाई माय. चार वर्षं. मी ओरडो, हे ओरडत. लोकायले वाटे पाखरंच आहेत."

"मग आणली काऊन इथं?"

"तिथं ठेवली असती तं दुसरी बायको आणली असती त्यानं. तिच्यासाठी पाखरं होतीच तयार."

मी उठली.

वर एक हिरवं उरलं होतं. चालूच त्याचं, टिवटिव टिवटिव. पाखराची काय चूक? काई चूक नाई. कोंबडीचीबी नसते. पिंजरा खाली घेतला, सुतळी सोडली, हात घातला. चावलं. मग मान पिळली. हरभऱ्याचा सुका घाटा फोडला का होते, तेवढा आवाज झाला.

घर असं शांत झालं का जया दचकली.

मी म्हटलं, "आता ओरड. पाहू कोण येत नाई तं."

ती ओरडली नाई. हसली. मले तिचं हसणं आवडलं नाई.

२४ जानेवारी

भुरी परत आली! लंगडत, पोट पाठीले लागलेलं. पुलावरून आली का पाण्यातून, तिलेच ठाऊक. चुलीजवळ जाऊन झोपली, जशी शेजारी जाऊन आली.

कालचं हिरवं पाखरू तिच्यापुढं टाकलं. मारलं ते चुकलं, पण मांजरीची माफी कशी मागतात मले माहीत नाई. तिनं वास घेतला, तोंड फिरवलं. शेवटी दूध पेली.

२५ जानेवारी, रविवार

सूरज आला. सकाळीच, धुकं होतं. मोटरसायकलवर. कैलासनं चहा मांडला — "या जवाईबापू." मी दारात विळा घेऊन उभी. म्हटलं, "आत पाय टाकला तं तो पाय इथंच राहीन."

"मामी, पाखरं दाखवा पहिले."

कैलासनं माह्या हातातला विळा धरला. माह्या पोटचा पोरगा! त्याच्या हाताले चावली मी.

तेवढ्यात जया बाहेर आली. तोंड धुतलेलं, केस बांधलेले, डाव्या हातात पिंजरा. त्याच्यावर जाड चादर, चारी बाजूनं बांधलेली. "थंडी आहे. अंधारात झोपलीत. तुम्हीच म्हणता ना, उघडलं तं घाबरून मरतात," म्हणाली. त्यानं पिंजरा उचलून वजन पाह्यलं. वजन होतं — मडक्यात कांदे होते, मी भरले नव्हते.

मी तिले दंडाले धरून बाजूले ओढलं, कानाशी म्हटलं, "नाई जाऊ देत. तो मोजन तवा चार हाडं मोडन तुही!"

"चारच आहेत माय," म्हणाली. "सुतळी दे."

"कायले?"

"सांबाराची सुतळी दे. आख्खा गुंडा."

मी तिच्या डोळ्यात पाह्यलं. मग कोनाड्यातून गुंडा काढला अन् दिला. जया त्याच्यामागं बसली. मोटरसायकल गेली. कैलास म्हणे, "पाह्य, निघालं ना सगळं नीट?"

त्याच्या हाताले माह्या दाताचे वण आहेत. राहू दे.

२६ जानेवारी

फोन नाई. चुलीले जाळ घातला नाई. भुरीनं एक उंदीर आणून पायाशी ठेवला.

२८ जानेवारी, बुधवार

जया कालच्या बसनं आली, चपला घालून. आता आंगणात जुड्या बांधून राह्यली. कैलास वर्धेच्या दवाखान्यातून आला, तोंड पांढरं. सूरजले खाटेले बांधून कोणीतरी वरवंट्यानं ठेचलं — दोन हात, दोन पाय. चार हाडं. चोर होते म्हणून सूरजनंच पोलिसायले सांगतलं. शेजाऱ्यायनं ओरडणं ऐकलं होतं, पण त्यायले वाटलं, पाखरं आहेत.

"पण माय, सुतळीची गाठ उलटीकडून होती म्हणे. असे कसे चोर?"

मी म्हटलं, "डावखुरे असन."