बाबांच्या आवाजाचं सेटिंग

३ ऑगस्ट, रविवार
हैदराबादेत कोठी भागातला कोर्स संपला. आजपासून मी सर्टिफाइड एनएलपी प्रॅक्टिशनर. चार दिवसांत माणूस एवढा बदलतो यावर त्रिवेणीचा विश्वास नाही. बायको असली तरी तिचं प्रोग्रॅमिंग जुनं आहे.
एनएलपी म्हणजे थोडक्यात: मनात जी चित्रं दिसतात, जे आवाज ऐकू येतात, त्यांवर आपण चालतो. ते बदलले की माणूस बदलला. सोपं आहे. नोकरी सोडायची. मलकपेठेतल्या घरीच, पुढच्या खोलीत सेंटर काढायचं.
तेवढ्यात डोक्यात बाबा बोललेच. हौ रे, तूच एक शहाणा. जाऊन वर्ष होत आलं, तरी थांबत नाहीत.

५ ऑगस्ट
दाढी करताना बाबा. गीझर बंद कर. केला.
ऑफिसात राजीनामा टाइप करायला बसलो, तर पाठीशी उभे. डिलीट केला. असा माणूस दुसऱ्यांची मनं काय दुरुस्त करणार? यावर कोर्समध्ये टेक्निक आहे. आतल्या आवाजाशी भांडायचं नाही. त्याचा सूर बदलून गमतीदार करायचा. मग त्याचं काही चालत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार
पहिले क्लायंट. बाबांचे दोस्त अंबाजीकाका, गौलीगुड्यात दुकान. चारचौघांत बोलायची भीती. नियम असा की समोरचा जसं करतो तसंच आपण करायचं, म्हणजे त्याला आपण जवळचे वाटतो. काकांची मान सारखी हलते. मीही हलवली. काका म्हणाले, मला चिडवायलास का रे? आणि उठले. जिन्यात मात्र माझ्याबद्दल खणखणीत बोलले, तिन्ही मजल्यांवरचे लोक बाहेर आले. म्हणजे भीती गेली. पहिल्याच सेशनमध्ये रिझल्ट.
बाबा म्हणाले, झाली इज्जत? बस्स. आजपासून टेक्निक चालू.

१० ऑगस्ट
सूर सापडला. बसस्टँडवरची अनाउन्समेंटवाली बाई. डोळे मिटून बाबांचं एकेक वाक्य तिच्या तोंडी घातलं. कृपया लक्ष द्या, युवराजच्यानं काही होणार नाही. मग तेच तेलुगूत. मग इंग्लिशमध्ये. एकटाच हसत बसलो. त्रिवेणी दारातून बघून गेली.

१३ ऑगस्ट
राजीनामा दिला. बाईनं तीन भाषांत अडवलं. ऐकलं नाही.

१८ ऑगस्ट
बाईही बंद. डोक्यात एकदम शांत. गीझर दिवसभर चालू राहिला, त्रिवेणीनं झाडलं. यश म्हणतात ते हेच. क्लायंट अजून कुणी नाही.
दाढी करताना दोनदा मागे वळून पाहिलं. नुसती सवय.

२० ऑगस्ट
रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध. लहानपणापासून मी त्यांची हुबेहूब नक्कल करतो, ते स्वतःही ऐकून हसायचे. त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घरात कुणाकडे नाही. आई म्हणाली, त्या दिवशी एकदाच त्यांच्या आवाजात म्हणून दाखव, मला म्हणायचे तसं. ऐकलं का, चहा टाक. एवढंच. मी म्हटलं, त्यात काय.
बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली. तोंडून बसस्टँडवरची बाई आली.

२२ ऑगस्ट
टेक्निक उलटं फिरवतोय. आवाज परत मूळ सुरावर आणायचा. त्यासाठी मूळ सूर आठवायला हवा, एवढी एकच अडचण. त्रिवेणीला विचारलं, बाबांचा आवाज कसा होता. ती म्हणाली, जाड. आणि माझ्याकडे बघतच राहिली.
कोर्सच्या सरांना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं. म्हणाले, इतक्या लवकर कुणाचाच आतला आवाज कायमचा गेला नव्हता, पुढच्या बॅचला तुमचं उदाहरण सांगतो.
गीझर मुद्दाम चालू ठेवून उभा राहिलो. बाबा, ओरडा ना. काहीही ओरडा. मला भीती वाटतेय.

२४ ऑगस्ट, रविवार
पंगत उठली. आई समोर येऊन बसली. पदर नीट केला, डोळे मिटले. मी घसा खाकरला आणि होता नव्हता तो जीव एकवटून म्हणालो, ऐकलं का, चहा टाक.
आईनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, हं, कर की सुरू.